कर्णबधिर मुलाचे डोळे कसे तपासायचे?

श्रवणयंत्राची बॅटरी आपण रोज बघतो, कानात बसवायचा मोल्ड (साचा) धुतो, पण त्याच पोराला फळ्यावरचं दिसतंय का हे कुणी बघतच नाही. आणि ह्यांचं तर ओठ वाचणं, खुणा, सगळं डोळ्यांवरच चालतं ना. महाराष्ट्रातल्या विशेष शाळांमधल्या ९०१ कर्णबधिर मुलांची तपासणी २००९ साली छापून आली होती, त्यात २१६ जणांच्या डोळ्यात काही ना काही निघालं, १६७ जणांना नंबर होता आणि त्यातल्या फक्त १० जणांकडे योग्य चष्मा होता! बाकीच्यांना "लक्षच नसतं ह्याचं" म्हणून बोलणी बसत असणार.

आधी घरी किंवा वर्गात साधी तपासणी करा. ई चार्ट आणा, ज्यात इंग्रजी ई (E) चार दिशांना फिरवलेला असतो तो, आणि जाड पुठ्ठ्याचा मोठा ई कापून मुलाच्या हातात द्या. चार्टवर जसा दिसेल तसा हातातला फिरवायचा, बस. पहिले चार-पाच वेळा अगदी जवळून खेळ म्हणून घ्या, नाहीतर दिसलं नाही का समजलं नाही हेच आपल्याला कळत नाही. मग ६ मीटरवरून, एकेक डोळा झाकून. डोळा झाकायला आईला शेजारी बसवा, मागून हात आणला की पोरगं दचकतं.

आणि हो, तोंड अगदी कोरं ठेवायचं. ही मुलं चेहरा वाचण्यात पटाईत, तुमची भुवई जरा हलली की ई लगेच दुसरीकडे फिरतो :) रांगेत तर उभं करूच नका, मागचा पुढच्याचं बघून ठेवतो.

चार्टवर सगळं बरोबर आलं तरी संध्याकाळी लक्ष ठेवा. लाईट गेली की जागेवरच थांबतो, उंबऱ्याला अडखळतो, बाजूने केलेली खूण दिसत नाही, लहानपणी दीड वर्षाचा होऊनही चालत नव्हता, असं काही असेल तर डॉक्टरांना अशर सिंड्रोमबद्दल स्वतःहून विचारा. ह्यात बहिरेपणाबरोबर डोळ्याचा पडदाही हळूहळू खराब होतो, आधी रातांधळेपणा येतो आणि मग नजर नळीतून बघितल्यासारखी आकसत जाते. आई-वडिलांचं नात्यात लग्न झालं असेल, मामाच्या मुलीशी वगैरे, तर तेही सांगा, लाजू नका. आईला गरोदरपणी रुबेला झाला असेल तर मोतीबिंदूसुद्धा बघायला सांगा.

दवाखान्यात सगळ्यात मोठा घोळ अंधाराच्या खोलीत होतो. लाईट बंद झाली की खुणा संपल्या, पोरगं एकटं पडतं आणि रडतं. म्हणून काय काय होणार ते लाईट चालू असतानाच करून दाखवा, टॉर्च आधी स्वतःच्या डोळ्यावर मारून घ्या, मग त्याच्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की जवळचं धूसर होतं, म्हणजे काही वेळ खुणा आणि ओठसुद्धा नीट दिसणार नाहीत, हेही आधीच समजवा. आणि त्या आठवड्यात परीक्षा नाही ना ते बघा, कारण काही थेंबांचा असर बरेच दिवस राहतो.

चष्मा करताना श्रवणयंत्र घालूनच दुकानात न्या. कानामागे जागा मुळात एवढीशी, जाड काडी असली की यंत्र खाली घसरतं आणि मग पोरगं दोन्हीतलं एक काढून दप्तरात टाकतं, बहुतेक वेळा चष्माच.