मोबाईलच्या काचेवर चरे पडू नयेत म्हणून

मोबाईलची स्क्रीन बंद करून तो खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात थोडा कलता धरला, की एरवी न दिसणारे केसासारखे चरे दिसू लागतात. नख हलकेच फिरवून पाहिले तर त्यांतले बहुतेक नखाला लागत नाहीत. जे लागतात ते खोल गेलेले असतात. सोलापूरसारख्या कोरड्या, धुळीच्या गावात वर्षभर उघडाच वापरलेला मोबाईल अशा चऱ्यांवाचून क्वचितच राहतो. माझ्या मोबाईलवर ते कसे पडले याचा मी बारकाईने शोध घेतला, तेव्हा दोष किल्ल्यांचा किंवा नाण्यांचा निघाला नाही. तो वाळूचा होता, आणि त्याहून अधिक माझ्या पुसण्याच्या पद्धतीचा होता.

काचेवर चरा पडतो तो काचेपेक्षा कठीण वस्तू तिच्यावर दाबून ओढली गेल्यामुळे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची दहा पायऱ्यांची जी मोजपट्टी मांडली, तिच्यात शंखजिरे पहिल्या पायरीवर, फेल्डस्पार सहाव्या, गार म्हणजेच क्वार्ट्झ सातव्या आणि हिरा दहाव्या पायरीवर आहे. मोबाईलच्या काचेवर साधारणपणे सहाव्या पायरीच्या खनिजाने बारीक चरे उमटू लागतात आणि सातव्या पायरीच्या खनिजाने ते खोल जातात. पितळेची किल्ली या पट्टीवर बरीच खाली येते आणि नाण्यांचे पोलादही काचेपेक्षा मऊच असते, त्यामुळे स्वच्छ किल्ली किंवा स्वच्छ नाणे सहसा काचेला चरा पाडत नाही. उलट कधी कधी धातूच काचेवर झिजून राखाडी रेघ उमटते. ती चऱ्यासारखी दिसते, पण ओलसर कापडाने निघून जाते. किल्लीच्या खाचेत अडकलेला वाळूचा कण मात्र चरा पाडतो, आणि आळ किल्लीवर येतो.

जाहिरातीत ‘मजबूत काच’ म्हणतात ती मजबुती प्रामुख्याने पडण्या-आपटण्यापुरती असते. ही काच सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे लहान आयन बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने बसतात आणि काचेचा वरचा थर सतत दाबाखाली राहतो. या दाबामुळे काच सहजासहजी तडकत नाही, परंतु गारेच्या कणापुढे तिचे काही चालत नाही. शिवाय खोल चरा या दाबाखालच्या थराला कमकुवत करतो, आणि पुढे मोबाईल पडला की तडा बहुधा अशाच जागेपासून सुरू होतो. चऱ्यांची काळजी केवळ दिसण्यासाठी घ्यायची नसते, ती याचसाठी.

आता आपल्या गावच्या धुळीकडे पाहू. सोलापूर जिल्ह्यातला काळा दगड बेसाल्टचा आहे आणि गल्लोगल्ली बांधकामापुढे ओतलेली क्रश सँड हा याच दगडाचा चुरा. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार भरपूर असतो, म्हणजे हा चुरा काचेच्या तोडीस तोड ठरतो. काळ्या मातीचा चिकण भाग अगदी मऊ असतो, त्याच्या पुटाने काचेला इजा होत नाही. पण त्याच मातीत ज्या गारगोट्या सापडतात त्यांचे बारीक कण काचेहून कठीण असतात. नदीच्या वाळूत तर असे कण मिसळलेलेच असतात. यंत्रमागाच्या कारखान्यात उडणारे सुताचे तंतू स्वतः निरुपद्रवी असतात, मात्र ते स्क्रीनवर बसून आसपासची कणी धरून ठेवतात. उन्हाळ्यात रस्त्यावरून वावटळ फिरते तेव्हा किंवा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर माणसांच्या पायांनी धुरळा उडतो तेव्हा या सगळ्यांचे मिश्रण आपल्या खिशात येऊन बसते.

माझ्या मोबाईलवरचे चरे पंढरपूरहून आले. कार्तिकीला आम्ही आईला घेऊन गेलो होतो. चंद्रभागेच्या वाळवंटात उतरताना मी मोबाईल खिशातून काढून पिशवीत ठेवला आणि स्नान आटोपल्यावर ओला टॉवेलही त्याच पिशवीत टाकला. परतीच्या एसटीत स्क्रीन मळकट दिसली म्हणून त्याच टॉवेलच्या कोपऱ्याने ती दोन-तीनदा गोल गोल पुसली. पुसताना बोटांना बारीक करकर जाणवली होती, तरी मी थांबलो नाही. घरी येऊन दिव्याखाली पाहिले तेव्हा उजव्या कोपऱ्यात चार चरे एकाखाली एक, कमानीसारखे वळलेले दिसले. पिशवीतल्या घर्षणाने पडलेले चरे असे एका वळणाचे नसतात. ती कमान माझ्या हाताच्या फिरण्याची होती. ज्यांच्या मोबाईलवर चरे आहेत त्यांनी त्यांचा आकार एकदा नीट पाहावा. वळणदार आणि एकमेकांना समांतर असतील तर ते पुसताना पडले असण्याची शक्यता मोठी आहे.

म्हणून पुसण्याची रीत आधी सुधारावी. स्क्रीनवर धूळ दिसली की लगेच कापड लावू नये. मोबाईल पालथा धरून पाठीवर तळहाताने हलकेच दोन-तीनदा थोपटावे, म्हणजे मोकळे कण खाली पडतात. त्यानंतर कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा दाबून हवा मारावी, किंवा रंगकामाचा नवा, कोरा, मऊ ब्रश भार न देता फिरवावा. तोंडाने फुंकण्याची सवय सोडलेली बरी, कारण श्वासातल्या ओलाव्याने धूळ निघण्याऐवजी चिकटते. मग स्वच्छ कापडाची घडी करून ती पाण्याने जेमतेम दमट करावी. पाणी कापडावर शिंपडावे, मोबाईलवर कधीही नाही. हे कापड स्क्रीनवर टेकवून केवळ त्याच्या स्वतःच्या वजनाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे एकदाच ओढावे, घडी उलटून कोरी बाजू वर घ्यावी आणि शेजारच्या पट्ट्यावरून पुन्हा ओढावे. एकदा फिरवलेली बाजू त्या वेळी परत वापरू नये. सगळे कण निघाले अशी खात्री झाल्यावर बोटांचे ठसे काढण्यासाठी कोरड्या भागाने गोल फिरवून पुसण्यास हरकत नाही. हे सारे मिळून एक मिनिटही लागत नाही. पुसताना किंचितही करकर जाणवली तर हात तेथेच थांबवावा आणि पुन्हा झटकण्यापासून सुरुवात करावी.

कापडाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण आपण टॉवेल विणणाऱ्या गावातले लोक आहोत आणि घरात टॉवेलची कमतरता नसते. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि अंग पुसण्यासाठी त्याच्यासारखे कापड नाही. परंतु त्याच्या ज्या सुताच्या कड्या पाणी शोषून घेतात त्याच कड्यांमध्ये कणीही अडकून राहते. त्यामुळे गाडी पुसलेला, गच्चीवर धुरळ्यात वाळवलेला किंवा प्रवासात वापरलेला टॉवेल मोबाईलला लावू नये. सदऱ्याचे टोक, पदर, रुमाल यांनाही तोच नियम लागू होतो. चष्म्यासोबत मिळते तसे मायक्रोफायबरचे कापड सर्वांत सोयीचे. ते नसेल तर अनेक धुण्यांनी मऊ झालेल्या सुती धोतराचा तुकडा चांगला चालतो. हे कापड झाकणाच्या डबीत ठेवावे, साध्या साबणाच्या पाण्यात वेगळे धुवावे, कपडे मऊ करणारे द्रावण त्याला लावू नये आणि घरातच वाळवावे.

काचेवर तेल नसेल तर धूळ तिच्यावर फार टिकत नाही. बहुतेक मोबाईलच्या काचेवर तेल न चिकटू देणारा अतिशय पातळ लेप कारखान्यातच दिलेला असतो. त्यामुळे बोट सहज सरकते आणि ठसेही चटकन निघतात. जेवताना शेंगाचटणीचे तेल लागलेले बोट स्क्रीनवर फिरले की हा लेप असूनही तेलाचा थर बसतो आणि बाहेर पडताच त्याच्यावर कणी चिकटते. तेव्हा हात धुऊनच मोबाईल घ्यावा. तेलकटपणा दमट कापडाने निघाला नाही, तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड किंचित ओलावून पुसता येते, पण ते रोज करू नये. खिडक्यांची काच पुसायचे फवारे, ब्लीच आणि भांड्यांची पावडर यांनी लेप झिजतो. लेप गेलेली काच लगेच ओळखू येते: पाण्याचा थेंब तिच्यावर गोल न राहता पसरतो.

मोबाईल ठेवण्याची जागा ठरलेली असावी. एक खिसा केवळ त्याच्यासाठी राखावा आणि आठवड्यातून एकदा तो खिसा उलटा करून झटकावा, कारण खिशाच्या तळाच्या शिवणीत आश्चर्य वाटावे इतकी कणी साठते. पर्समध्ये कंगवा, किल्ल्या आणि सुटे पैसे असतात त्या कप्प्यात मोबाईल ठेवू नये. शेतावर किंवा बांधकामावर जाणाऱ्यांनी चेन असलेली लहान कापडी पिशवी शिवून घ्यावी आणि मोबाईल तिच्यात ठेवून मगच खिशात घालावा. कोणताही शिंपी उरलेल्या कापडातून ती शिवून देतो. ओट्यावर, कट्ट्यावर किंवा दुचाकीच्या सीटवर मोबाईल पालथा ठेवण्याची सवय मात्र पूर्ण मोडावी.

एवढी काळजी घेऊनही आपल्या हवेत उघडी काच वर्षानुवर्षे निर्मळ राहणे कठीण आहे, म्हणून टेम्पर्ड ग्लास बसवावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावरही चरे पडतातच; फरक इतकाच की ते तिच्यावर पडतात आणि खालची महागडी काच वाचते. नवी पेठेत किंवा कोणत्याही चौकातल्या दुकानात ग्लास घेताना पाकिटावरच्या ‘९एच’ या शिक्क्याला भुलू नये. हा आकडा मोस यांच्या पट्टीतला नाही, तो पेन्सिलींच्या कठीणपणाचा आहे. म्हणजे ९एच दर्जाच्या पेन्सिलीने तिच्यावर चरा उमटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीने तशी कोणतीही काच चरत नाही. ‘११डी’, ‘२१डी’ असे आकडे तर कोणत्याही प्रमाणित चाचणीचे नाहीत. त्याऐवजी ग्लास आपल्याच मॉडेलची आहे का, तिच्या कडा बोटाला धारदार न लागता गोलसर घासलेल्या आहेत का, आणि गोंद फक्त कडांना न लावता संपूर्ण पृष्ठभागावर आहे का, हे पाहावे. फक्त कडांना गोंद असलेल्या ग्लासखाली धूळ शिरते.

प्लास्टिकची पातळ फिल्म चऱ्यांपासून वाचवते, पण आपटल्यावर तिचा फारसा आधार मिळत नाही. कडा वळलेल्या स्क्रीनवर मात्र साधी ग्लास नीट बसत नाही, तेथे लवचीक फिल्मच बरी. काही ठिकाणी द्रव गोंद ओतून अतिनील दिव्याखाली ग्लास चिकटवतात. तो गोंद स्पीकरच्या जाळीत किंवा बटणांत उतरू शकतो, म्हणून हे काम सरावलेल्या हातांकडूनच करून घ्यावे. स्क्रीनखाली अल्ट्रासॉनिक पद्धतीने बोटाचा ठसा वाचणारा मोबाईल असेल तर त्याच्याशी जुळणारीच ग्लास घ्यावी आणि बसवल्यावर ठसा पुन्हा नोंदवावा.

घरी ग्लास बसवायची असेल तर न्हाणीघरासारखी जागा नाही. सकाळच्या अंघोळीनंतर तेथली वाफ विरत आली की हवेतली धूळ तिच्याबरोबर खाली बसलेली असते. पंखा बंद, दार बंद, बाह्या वर सरकवलेल्या आणि हात धुतलेले, अशा तयारीने बसावे. आधी पाकिटातल्या ओल्या पुसण्याने स्क्रीन स्वच्छ करावी, मग कोरड्याने, आणि शेवटी धूळ उचलायची चिकटपट्टी इंच-इंच लावून काढावी. मोबाईल तिरपा धरून एकही कण उरला नाही हे पाहिल्यावरच ग्लासच्या पाठीवरचे संरक्षक प्लास्टिक सोलावे. ग्लास दोन्ही कडांनी धरावी, वरच्या स्पीकरची खाच जुळवावी, हलकेच सोडावी आणि मधोमध एकदा बोट दाबावे. गोंद आपोआप कडांकडे पसरत जातो. बारीक बुडबुडे एक-दोन दिवसांत जिरतात. खाली ठिपक्यासारखा कण अडकला असेल तर दाबून तो जिरत नाही. ग्लासचा जवळचा कोपरा उचलून चिकटपट्टीने तो कण काढावा लागतो.

ग्लासबरोबर कव्हरही हवे, आणि त्याची कड स्क्रीनपेक्षा किंचित उंच असावी, म्हणजे चुकून मोबाईल पालथा पडला तरी काच जमिनीला टेकत नाही. कव्हर महिन्यातून एकदा काढून आतून धुवावे. फ्लिप कव्हरची झडप आतल्या बाजूने मऊ असते, तिथे कणी रुतते आणि दर वेळी मिटताना स्क्रीनवर दाबली जाते. ती वरचेवर पुसावी.

घडी होणाऱ्या मोबाईलला यांतले बरेच नियम लागू होत नाहीत. त्याच्या आतल्या स्क्रीनचा वरचा थर प्लास्टिकचा असतो आणि त्याला नखानेही खूण पडू शकते. कारखान्यातून आलेला तो थर स्क्रीनगार्ड समजून सोलू नये. तसे केल्यास स्क्रीनच निकामी होण्याचा धोका असतो.

चरे आधीच पडले असतील तर टूथपेस्ट, खाण्याचा सोडा किंवा राखुंडी चोळण्याचे घरगुती उपाय करू नयेत. टूथपेस्टमधली घासणारी पूड काचेचा चरा भरत नाही. ती वरचा लेप मात्र झिजवते आणि चोळलेली जागा धुरकट दिसू लागते. त्यापेक्षा स्क्रीन वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ करून त्यावर पूर्ण गोंदाची टेम्पर्ड ग्लास बसवावी. गोंद उथळ चऱ्यांत शिरतो आणि त्यांतले बरेचसे दिसेनासे होतात. माझ्या मोबाईलवरच्या चार कमानींपैकी तीन अशा दिसेनाशा झाल्या, चौथी नखाला लागणारी होती ती उरली. ग्लासच्या कडेला टवका उडाला किंवा तडा गेला की ती लगेच बदलावी, कारण त्या फटीतून आत गेलेली कणी खालच्या मूळ काचेवरच घासली जाते.