नवा डॅक तपासताना आधी आवाज जुळवा

लॅपटॉपला नवा डॅक (डिजिटल गाण्याचा हेडफोनसाठी सिग्नल बनवणारं बाहेरचं छोटं यंत्र) जोडला की गाणं एकदम भारी वाटतं. बऱ्याचदा तो नुसता वाढलेला आवाज असतो. जरा मोठं वाजलं की कानाला चांगलंच वाटतं. सांगलीत विश्रामबागच्या खोलीवर मी आठवडाभर असाच खूश होतो.

१. मोबाइलवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप उघडा. हेडफोनचा एक कप माइकवर टेकवून १ किलोहर्ट्झचा सलग सूर वाजवा. लॅपटॉपच्या जॅकवर जो आकडा येईल, तोच डॅकवर येईपर्यंत नॉब फिरवा. कप जराही सरकू देऊ नका, आकडा उड्या मारतो.

२. डोळे मिटा. पिन आणि आउटपुट बदलायचं काम भावाकडे द्या. जॅक वाजतोय की डॅक, ते दर वेळी ओळखा. १० पैकी ५-६ ओळखलेत तर तो तुक्काच.

३. गाणं थांबवून माउस हलवा, पेन ड्राइव्हवर फाइल कॉपी करा. जॅकवर किरकिर आणि डॅकवर शांतता असेल, तर पैसे वसूल. मला फरक इथेच सापडला, गाण्यात नाही.

विंडोज प्रत्येक आउटपुटचा आवाज वेगळा ठेवतं आणि नव्या डॅकचा थेट १०० वर असू शकतो. म्हणून पहिल्यांदा लावताना हेडफोन टेबलावरच राहू द्या.