बेळगावातून पीएचडी करायची असेल तर

एम.ए. झालेली खानापूर-निपाणीकडची मुलंमुली भेटली की पहिल्यांदा विचारतात, "मॅडम, गाइड कोण चांगले?" विचारायलाच हवं, पण त्याच्या आधी ठरवायचं ते वेगळंच आहे. नोंदणी कर्नाटकात करणार की महाराष्ट्रात? आपल्याकडं हा विषय लगेच भावनेवर जातो. संशोधकानं तो हिशेबानं सोडवावा. फेलोशिप, प्रबंधाची भाषा, सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्याची पात्रता परीक्षा), जातीचा दाखला आणि पुढची नोकरी, एवढं सगळं त्या एका उत्तरावर अडकलेलं असतं.

जवळचे पर्याय तीन. भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ 1982 मध्ये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र म्हणून सुरू झालं आणि 2010 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झालं. तिथं मराठी विभागही आहे. दुसरं खुद्द धारवाड. तिसरं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, 1962 चं, बेळगावातून शंभर-एकशेदहा किलोमीटर. अभियांत्रिकीवाल्यांना मच्छेचं व्हीटीयू म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, वैद्यकीयवाल्यांना केएलई. त्यांचं गणित निराळं, त्यात मी पडत नाही. माझा विषय इतिहास, निपाणीच्या तंबाखू व्यापाराचा. नोंदणी कर्नाटकात केली आणि कागदांसाठी कोल्हापूर-पुणे धरलं. हे सगळ्यांना जमेलच असं नाही, पण विषय सीमेवरचा असेल तर दोन्हीकडं पाय ठेवावाच लागतो.

आधी पैशाचं बोलू, कारण घरात तेच विचारतात. यूजीसीची म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये, आणि दोन वर्षांनी समितीनं काम पाहून एसआरएफ म्हणजे वरिष्ठ फेलोशिप केली की 42,000. घरभाडं आणि कन्टिन्जन्सी (संशोधनाचा किरकोळ खर्च) वेगळी. ही फेलोशिप केंद्राची असल्यानं नोंदणी कुठल्याही राज्यात असली तरी चालते. फक्त पैसे आपोआप येत नाहीत. दर महिन्याची हजेरी विद्यापीठातला 'मेकर' पोर्टलवर भरतो आणि 'चेकर' ती मंजूर करतो. ही दोन माणसं कोण आहेत, कुठल्या खोलीत बसतात, त्यांच्या रजेवर काम कोण बघतं, हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या. फेलोशिप अडली की मुलं दिल्लीला मेल पाठवत बसतात, आणि काम दोन खोल्या सोडून अडलेलं असतं.

जेआरएफ नसेल तर आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल फेलोशिप बघा. रक्कम कमी आहे, पण समाजशास्त्रांसाठी ती बरी पडते. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे, तिला नेट लागत नाही. अनुसूचित जाती आणि ओबीसींसाठी केंद्राच्या स्वतंत्र फेलोशिप आहेत, त्यांची निवड नेटच्या गुणांवरून होते.

खरी फसगत होते ती राज्यांच्या फेलोशिपमध्ये. सारथी, बार्टी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या जाहिराती बेळगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतात आणि पोरं अर्ज भरायला बसतात. या संस्थांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. कोल्हापुरात प्रवेश मिळाला म्हणून अधिवास मिळत नाही. जातीच्या दाखल्याचंही तेच. कर्नाटकात मराठा समाज 3ब प्रवर्गात आहे. तो दाखला महाराष्ट्राच्या आरक्षणासाठी कामाचा नाही, आणि तिकडचा इकडं चालत नाही. म्हणून कर्नाटकचे दाखले असलेल्यानं आधी बेंगळुरूच्या खात्यांच्या योजना वाचाव्यात, मग इतर. त्या बहुतेक कन्नडमधून निघतात म्हणून आपली मुलं त्या सोडून देतात. हे मला अजिबात पटत नाही.

सेटचाही निर्णय आत्ताच घ्या. महाराष्ट्राची सेट मराठी-इंग्रजीत होते आणि ती महाराष्ट्र-गोव्यात चालते. कर्नाटकची केसेट कन्नड-इंग्रजीत होते आणि कर्नाटकात चालते. नेट सगळीकडं चालते, पण भाषेचे विषय सोडले तर तिची प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजी. जून 2024 पासून नेटच्या निकालात तीन पायऱ्या आल्या आहेत: जेआरएफसह, सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. खालच्या दोन पायऱ्यांवरचे गुण प्रवेशासाठी वर्षभरच टिकतात, म्हणजे नेट देण्याआधी गाइडशी बोलणं झालेलं बरं. दुसरं म्हणजे, जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची राहिलेली नाही. केवळ नोकरीसाठी पीएचडी करणार असाल तर थांबा, आधी नेट-सेट काढा.

आता गाइड. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळं "सर, जागा आहे का?" एवढ्यावर थांबू नका, "सर, रिटायरमेंट कधी?" हेही विचारा. विचारायला अवघड वाटतं, पण चांगले गाइड रागावत नाहीत. शोधगंगेवर (भारतातल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध उघडून बघा. विषयापेक्षा संदर्भसूची बघा: कोण दप्तरखान्यापर्यंत गेलंय आणि कोण चार पुस्तकांवर भागवलंय ते दोन पानांत कळतं. प्रबंध कुठल्या भाषेत लिहिता येईल हेही त्याच भेटीत पक्कं करा. मराठी विभाग सोडून इतर विषयांत हे प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं.

विद्यापीठ ज्याला आधार म्हणतं तो कागदावर भरपूर असतो. किमान बारा क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतीचा सक्तीचा भाग, दर सत्राला संशोधन सल्लागार समिती म्हणजे आरएसीपुढं सादरीकरण, आठवड्याला चार ते सहा तास शिकवण्याचं किंवा संशोधन साहाय्याचं काम. आरएसीला मुलं परीक्षा समजतात आणि नुसत्या चकचकीत स्लाइड दाखवून सुटतात. तसं करू नका. जिथं अडलंय तेच समितीपुढं मांडा आणि सूचना इतिवृत्तात लिहून घ्या. उद्या शीर्षक बदलायचं झालं, गाइड बदलले किंवा मुदतवाढ मागायची वेळ आली तर तोच कागद तुमच्या बाजूनं बोलतो. विद्यापीठाबाहेर आयसीएसएसआरच्या दहा दिवसांच्या संशोधनपद्धती कार्यशाळा होतात. एखादी तरी करा, आणि घरापासून लांबची निवडा, म्हणजे आपल्या तालुक्याबाहेर आपला विषय कुणाला कळतो का हे समजतं.

नियतकालिकांसाठी 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालंय. सरकारी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स वाचता येतात. आपल्या भागावरचं मात्र त्यात फारसं सापडत नाही. ते दुसरीकडं आहे, आणि तिथंच आपल्या मुलांची खरी ताकद आहे.

1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळं जुने महसुली कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, पेशवाईतले पुण्यात, करवीर संस्थानाशी आलेला संबंध कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. 1884 चं बेळगाव गॅझेटियर इंग्रजीत. व्यापाऱ्यांच्या घरातल्या चोपड्या मोडीत. 1956 नंतरचे बरेच सरकारी कागद कन्नडात, बेंगळुरू आणि धारवाडला. 1981 च्या निपाणीच्या तंबाखू आंदोलनावर लिहायचं तर शरद जोशींची बाजू मराठीतून मिळते, सरकारी बाजू कन्नडमधून आणि उरलेलं इंग्रजी वर्तमानपत्रांतून. पुण्याचा संशोधक कन्नडशी अडतो, धारवाडचा मोडीशी. खानापुरात मराठी शाळेत शिकलेली आणि बाजारात कन्नड बोलणारी मुलगी दोन्हीकडं जाऊ शकते. हे भाग्य कुणी अर्जात लिहीत नाही. तुम्ही लिहा.

मोडी शिकायला वर्षानुवर्षं लागत नाहीत. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाचे छोटे वर्ग असतात; त्यानंतर रोज अर्धा तास वाचन ठेवलं की हात बसतो. कन्नड बोलता येतं आणि वाचता येत नाही अशी आपल्यात पुष्कळ मुलं आहेत. त्यांनी कोर्सवर्कच्या सहा महिन्यांतच लिपी पक्की करावी. दप्तरखान्यात जाताना विभागप्रमुखांचं पत्र लागतं. धारवाड-बेंगळुरूला ते कन्नडमध्ये नेलं तर टेबलावरचा माणूस पुढचा रुमाल (कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं) लवकर सोडतो, असा माझा अनुभव आहे. बेळगावातही कमी नाही. सार्वजनिक वाचनालय 1848 चं आहे, आणि 'तरुण भारत' 1919 पासून निघतंय. जुने अंक कुठं नीट ठेवलेत ते ग्रंथपालांना विचारा. शिपायालाही विचारा, बहुतेक वेळा त्यालाच जास्त ठाऊक असतं.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगते. नियमानं पीएचडीची मुदत सहा वर्षं. स्त्रियांना दोन वर्षं जादा आणि बाळंतपणासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजा. त्याहून कमी माहीत असलेली तरतूद अशी की लग्नामुळं किंवा अन्य कारणानं गाव बदललं तर संशोधनाची सामग्री नव्या संस्थेकडं हलवता येते. निपाणीची मुलगी गडहिंग्लजला जाते, कागलची बेळगावला येते. आपल्याकडं सीमा ओलांडणारी लग्नं रोजची, आणि "लग्न झालं, पीएचडी सुटली" हेही रोजचंच. सासरी कुणी म्हणालंच की आता कसं होणार, तर नियम दाखवा. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही विद्यापीठांशी लेखी बोलणं लग्नाआधीच सुरू केलेलं चांगलं, कारण नव्या ठिकाणी गाइडची जागा रिकामी असावी लागते.

नोकरी करत पीएचडी करणाऱ्या शिक्षकांना अर्धवेळ नोंदणी मिळते, पण संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं. ते तोंडी मिळालं म्हणून गप्प बसू नका.

प्रकाशनाच्या बाबतीत घाई करू नका. 2022 च्या नियमांत प्रबंध देण्याआधी लेख छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती उरलेली नाही, आणि मान्य जर्नल्सची यूजीसीची केअर यादीही 2025 मध्ये बंद झाली. विद्यापीठाची स्वतःची अट मात्र असू शकते, ती बघून घ्या. पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. साम्य तपासणीत दहा टक्क्यांपर्यंत चालतं. त्याच्या वर, चाळीसपर्यंत गेलं की दुरुस्ती करून पुन्हा सादर करा, चाळीस ते साठ असलं तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द.

पीएचडीच्या मधल्या वर्षांत शिकवायची संधी येते: इकडं गेस्ट लेक्चरर म्हणून, तिकडं सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर. घ्या, पण आठवड्याला किती तास ते आधी ठरवा. फेलोशिप घेत असाल तर पगारी कामाला बंधनं असतात, तेव्हा विभागाला विचारल्याशिवाय सही करू नका. आणि वर्गात मराठी-कन्नड दोन्ही मुलं असतील तर दोन्ही भाषांत शिकवून बघा. पुढं मुलाखतीत "दोन्ही माध्यमांत शिकवलंय" असं सांगणारा उमेदवार चंदगडपासून धारवाडपर्यंत कुठल्याही कॉलेजला हवा असतो.