कंसातला आवाज कोणाचा? बायबल वाचताना या चुका टाळा

'नव्या बायबलमधून ही वचनं गाळली!' ही यादी मोबाइलवर मला इतक्यांनी दाखवली आहे, की आता नुसतं शीर्षक पाहून मी चष्मा काढून ठेवतो. एका घरगुती प्रार्थनासभेत तर एक तरुण तावातावाने उभाच राहिला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८. वचन ३६ नंतर थेट ३८. सदतिसावं कुणी पळवलं? "अरे बाबा, पानाच्या तळाशी बघ," म्हटलं. बारीक अक्षरांत अख्खं वचन तिथे होतं.

बाप्तिस्मा घेण्याआधी इथिओपियाचा अधिकारी सुवार्तिक फिलिप्पाला आपल्या विश्वासाची कबुली देतो, ते हे वचन. दुसऱ्या शतकातल्या बिशप इरेनियसला ते माहीत होतं, पण सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. डच विद्वान इरॅस्मसला ते एका ग्रीक हस्तलिखितात सापडलं, तेही समासात लिहिलेलं. नकलनवीसाच्या (हाताने प्रत उतरवणाऱ्याच्या) हलगर्जीने गळलं असणार, असं धरून त्याने ते १५१६च्या छापील नव्या करारात घेतलं. १५५१मध्ये फ्रेंच मुद्रक रोबेर एतिएनने वचनांना आकडे घातले, तेव्हा त्यालाही ३७ मिळाला. पुढे जुन्या हस्तलिखितांवरून ते पुन्हा तळाशी गेलं. आकडे सरकवले असते तर जगभरचे संदर्भ बिघडले असते, म्हणून मधे खिंडार राहिलं. तरुणाला पटलं. यादी मात्र त्याने सभेला यायच्या आधीच सगळ्या ग्रुपवर टाकली होती.

दुसरी चूक माझ्या जास्तच डोक्यात जाते: कंसातलं वाक्य येशूच्या तोंडी घालणं. मार्कच्या शुभवर्तमानात १३:१४मध्ये येशूच्या बोलण्यातच 'वाचकाने हे समजून घ्यावे' असं येतं. पण जैतुनाच्या डोंगरावर येशूचे चार शिष्य ते ऐकत होते, वाचत नव्हते! बहुतेकांच्या मते इथे मार्क आपल्या वाचकाला खूण करतो. रोख जुन्या करारातल्या दानिएलाच्या ग्रंथाच्या वाचकाकडे आहे, असंही काही जण म्हणतात. मुळात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत असे कंसच नव्हते, ते संपादकांनी घातले. मार्क ७:१९मध्ये सगळं अन्न शुद्ध ठरवल्याची टिप्पणी मार्कची की वाक्य येशूच्याच बोलण्याचा भाग, हे ग्रीकमधल्या एका अक्षरावर फिरतं: ओमेगा (दीर्घ ओ) की ओमिक्रॉन (ऱ्हस्व ओ).

म्हणून मी पेन्सिल घेऊन बसतो. कंसाशेजारी 'ले', 'भा' किंवा 'न' लिहितो: लेखक, भाषांतरकार, नकलनवीस. ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह. वेळ जातो. वर्षभरात बायबल संपवायच्या शर्यतीत उतरलेल्यांनी हे करूच नये.

बाकीचं थोडक्यात. इंग्रजी किंग जेम्स बायबलातली तिरपी अक्षरं जोर देऊन वाचू नका; ते शब्द भाषांतरकारांनी अर्थ जुळवायला घातलेले आहेत. योहान ७:५३ ते ८:११ भोवती चौकोनी कंस दिसले तर तो भाग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, एवढंच समजा. गोष्ट खोटी, असा निकाल देऊन मोकळे होऊ नका. 'किंवा' ने सुरू होणारी टीप हा दुसरा संभाव्य अर्थ असतो, आवडेल तो उचलायचा परवाना नव्हे. परिच्छेदांवरचे मथळे शास्त्रवचन म्हणून पाठ करू नका.

आणि ॲपमध्ये तळटिपा बंद ठेवल्या असतील, तर ती यादी मला पाठवण्याआधी त्या चालू करा.