ॲक्सेसमध्ये एका फॉर्मवरची निवड दुसऱ्या फॉर्मपर्यंत कशी पोहोचवावी

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये ॲप्लिकेशन थोडे वाढले की एका फॉर्मवर निवडलेली किंमत (म्हणजे व्हॅल्यू, पैशातली किंमत नव्हे) दुसऱ्या फॉर्मला देण्याची वेळ येतेच. ग्राहकांच्या यादीत एका नावावर डबल-क्लिक केल्यावर त्याच ग्राहकाचा तपशील उघडावा, ही झाली एक दिशा. ऑर्डर भरताना ग्राहक शोधण्यासाठी वेगळा फॉर्म उघडावा आणि तिथे निवडलेला ग्राहक ऑर्डरमध्ये परत यावा, ही दुसरी. या दोन कामांना वेगवेगळी साधने लागतात. म्हणून व्हीबीए या ॲक्सेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेत कोड लिहिण्याआधी किंमत पुढे पाठवायची आहे की मागवून घ्यायची आहे, हे ठरवावे.

पाठवायची वस्तू म्हणजे नोंदीची प्रायमरी की, म्हणजे ती नोंद एकमेव ओळखणारा क्रमांक, डोळ्यांना दिसणारे नाव नव्हे. एकाच नावाचे दोन ग्राहक असू शकतात, क्रमांक मात्र एकाचाच असतो. लिस्ट बॉक्सच्या रो सोर्समध्ये, म्हणजे यादीतल्या ओळी जिथून येतात त्या प्रॉपर्टीत, क्रमांक, नाव आणि शहर असे तीन कॉलम घ्यावेत, कॉलम काउंट 3 ठेवावा, कॉलम विड्थ्समध्ये पहिल्या कॉलमची रुंदी 0 करावी आणि बाउंड कॉलम, म्हणजे ज्या कॉलममधून कंट्रोलची व्हॅल्यू घेतली जाते तो, 1 ठेवावा. मग वापरणाऱ्याला नाव दिसते आणि कंट्रोलची व्हॅल्यू मात्र क्रमांक असते. इथे एक विसंगती पक्की लक्षात ठेवायला हवी. बाउंड कॉलमची मोजणी 1 पासून सुरू होते, तर कोडमध्ये वापरायच्या कॉलम या प्रॉपर्टीची मोजणी 0 पासून. त्यामुळे वरच्या यादीत नाव हवे असल्यास कॉलम(1) लिहावे लागते, कॉलम(2) लिहिल्यास शहर मिळते. लिस्ट बॉक्सवर मल्टी सिलेक्ट चालू असेल तर त्याची व्हॅल्यू नल, म्हणजे रिकामी, असते, मग कितीही ओळी निवडलेल्या असोत. अशा वेळी आयटम्स-सिलेक्टेड या संग्रहातून एकेक ओळ वाचावी लागते.

किंमत पुढे पाठवून त्या ग्राहकाची नोंद दाखवणे, एवढेच काम असेल तर कोडमधून फॉर्म उघडणाऱ्या डूकमांडच्या ओपनफॉर्म या मेथडचा चौथा अर्ग्युमेंट (मेथडला द्यायची माहिती), म्हणजे व्हेअरकंडिशन, पुरेसा असतो. त्यात फील्डचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि निवडलेला क्रमांक यांची जोडणी करून मजकूर द्यावा. क्रमांक तसाच जोडता येतो. मजकुराच्या फील्डसाठी किंमत अवतरणचिन्हांत घालावी लागते आणि किमतीतच ॲपॉस्ट्रॉफी येण्याची शक्यता असेल तर ती दुहेरी करावी लागते. तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये आणि वर्ष-महिना-दिवस या क्रमाने दिलेली बरी, कारण दिवस-महिना-वर्ष असा क्रम दिला तर दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ शकते आणि कोणतीही एरर न येता चुकीची नोंद समोर येते. बटणाच्या कोडमध्ये सुरुवातीलाच इज-नलने तपासणी करावी, नाहीतर काहीच न निवडता बटण दाबल्यावर बरोबरच्या चिन्हापुढे काहीच उरत नाही आणि सिंटॅक्स एरर येते. त्याचबरोबर पहिल्या फॉर्मवरची नोंद अर्धवट बदललेली असेल तर फॉर्मची डर्टी ही प्रॉपर्टी फॉल्स करून ती आधी सेव्ह करावी. तसे न केल्यास दुसऱ्या फॉर्मवर जुनीच माहिती दिसते आणि नोंद नवी असेल तर ती सापडतच नाही.

व्हेअरकंडिशन फक्त गाळणी लावते. त्या ग्राहकासाठी नवी ऑर्डर भरायची असेल तर ग्राहक क्रमांकाचा रकाना तिच्यामुळे आपोआप भरत नाही. त्यासाठी सातवा अर्ग्युमेंट ओपनआर्ग्ज वापरावा आणि उघडणाऱ्या फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म उघडताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, तो वाचावा. तोच फॉर्म नेव्हिगेशन पेनमधून (डावीकडच्या यादीतून) थेट उघडला तर ओपनआर्ग्ज नल असतो, त्यामुळे वाचण्याआधी ही शक्यता तपासावी. आलेली किंमत थेट कंट्रोलमध्ये घालण्याऐवजी त्या कंट्रोलच्या डिफॉल्ट व्हॅल्यूला दिलेली अधिक चांगली. थेट घातली की नवी नोंद लगेच सुरू होते आणि वापरणाऱ्याने काही न भरता फॉर्म बंद केला तरी अर्धीमुर्धी ऑर्डर टेबलात जाऊन बसते. डिफॉल्ट व्हॅल्यू ही स्वतःच एक मजकुरी एक्स्प्रेशन असते, म्हणून मजकूर देताना आत आणखी एक अवतरणचिन्हांची जोडी लागते. शिवाय फॉर्म आधीच उघडा असेल तर ओपनफॉर्म त्याला केवळ पुढे आणते, लोड इव्हेंट पुन्हा चालत नाही आणि पाठवलेली नवी किंमत वाचली जात नाही. त्यामुळे उघडण्याआधी तो बंद करण्याची ओळ लिहावी.

आता उलटी दिशा. निवडीच्या फॉर्मने ‘ठीक’ दाबताच ऑर्डरच्या फॉर्ममधील रकान्यात किंमत लिहावी, हा मार्ग बरेच जण घेतात. तो चालतोही, पण मग निवडीच्या फॉर्मला ऑर्डर फॉर्मचे नाव ठाऊक असावे लागते आणि उद्या तोच फॉर्म बिलासाठी वापरायचा झाला की कोड बदलावा लागतो. त्यापेक्षा मागणाऱ्यानेच किंमत उचलून न्यावी. ऑर्डरच्या फॉर्मने निवडीचा फॉर्म उघडताना सहावा अर्ग्युमेंट, म्हणजे विंडोमोड, एसीडायलॉग असा द्यावा. यामुळे हा फॉर्म बंद होईपर्यंत किंवा लपेपर्यंत ऑर्डरच्या फॉर्ममधील कोड त्याच ओळीवर थांबून राहतो. प्रॉपर्टी शीटमध्ये मोडल आणि पॉपअप यांना ‘येस’ केले म्हणून कोड थांबत नाही; या दोहोंची गल्लत फार होते.

निवडीच्या फॉर्मवर ‘ठीक’ या बटणाने फॉर्म बंद करायचा नाही, फक्त त्याची व्हिजिबल प्रॉपर्टी फॉल्स करायची. ‘रद्द’ या बटणाने मात्र तो खरोखर बंद करायचा. कोड पुढे सरकला की ऑर्डरच्या फॉर्मने करंटप्रोजेक्टच्या ऑलफॉर्म्स संग्रहात इज-लोडेड तपासावे. उत्तर ‘ट्रू’ आले तर फॉर्म लपून बसलेला आहे, म्हणजे निवड झालेली आहे: फॉर्म्स संग्रहातून त्याच्या लिस्ट बॉक्सची व्हॅल्यू घ्यावी, आपल्या रकान्यात ठेवावी आणि लपलेला फॉर्म नावानिशी बंद करावा. उत्तर ‘फॉल्स’ आले तर वापरणाऱ्याने ‘रद्द’ किंवा कोपऱ्यातील फुली दाबली आहे, तेव्हा काहीच करायचे नाही. नाव न देता क्लोज लिहिले तर त्या क्षणी जी विंडो सक्रिय असेल तीच बंद होते, म्हणून नाव द्यायचा कंटाळा करू नये.

किंमत अनेक फॉर्म आणि क्वेऱ्यांना एकदमच हवी असेल, उदाहरणार्थ चालू आर्थिक वर्ष, तर 2007 च्या आवृत्तीपासून मिळणारे टेम्पव्हार्स, म्हणजे सगळ्या ॲप्लिकेशनला सामाईक तात्पुरते व्हेरिएबल, सोयीचे पडतात. ते ॲप्लिकेशन बंद होईपर्यंत टिकतात आणि क्वेरीतूनही वाचता येतात. त्यात कंट्रोल ठेवता येत नाही, त्याची व्हॅल्यूच ठेवावी लागते, त्यामुळे असाइन करताना .व्हॅल्यू स्पष्ट लिहावे. क्वेरीत थेट फॉर्मवरच्या कंट्रोलचा उल्लेख केला तर तो फॉर्म बंद असताना ॲक्सेस पॅरामीटर विचारते, आणि कोडमध्ये केला तर 2450 क्रमांकाची एरर येते. सबफॉर्म, म्हणजे दुसऱ्या फॉर्मच्या आत बसवलेला फॉर्म, फॉर्म्स संग्रहात नसतो. त्याच्यापर्यंत मुख्य फॉर्म, सबफॉर्मचा कंट्रोल आणि मग फॉर्म ही प्रॉपर्टी, अशाच वाटेने जावे लागते.

देवनागरी मजकुराबद्दल एक गोष्ट. टेबलातली मराठी नावे या सर्व मार्गांनी सुखरूप जातात, परंतु व्हीबीएच्या एडिटरमध्ये थेट टाइप केलेली देवनागरी अक्षरे सहसा प्रश्नचिन्हे होऊन बसतात. म्हणून फॉर्म आणि कंट्रोल यांची नावे रोमन लिपीत ठेवावीत आणि कोडमध्ये तुलना करायची असेल तर ती क्रमांकानेच करावी.