एल्कच्या शिकारीच्या हंगामासाठी शरीर घडवताना: हिशेब परतीच्या ओझ्याचा

एल्क हे आपल्याकडच्या सांबराच्याच कुळातले, पण अंगाने अधिक थोराड असे हरीण आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ३०० किलोच्या घरात किंवा त्याहून अधिक भरते आणि हाडे वेगळी केली तरी सुमारे ९० ते १०० किलो मांस हाती उरते. खाण्याजोगे मांस जंगलात टाकून येणे हा त्या राज्यात गुन्हा आहे. ते माणसाच्या उपयोगी पडेल अशा रीतीने काढण्याचा आणि जपण्याचा वाजवी प्रयत्न शिकाऱ्याने करावाच लागतो. आता साधा हिशेब मांडून पाहावा. एका खेपेला २५ किलो उचलता आले, तर एकट्या माणसाला चार खेपा पडतात. जनावर गाडीपासून ५ किलोमीटरवर पडले असेल, तर ओझ्यासह २० किलोमीटर आणि मधल्या तीन रिकाम्या फेऱ्यांचे १५ किलोमीटर, असे ३५ किलोमीटर चालणे होते, आणि तेही विरळ हवेत, पडलेल्या झाडांवरून पाय टाकत. हेच अंतर ३ किलोमीटर असेल, तर एकूण चाल २१ किलोमीटरवर येते. जंगलात किती आत शिरायचे, हे म्हणूनच चढण्याच्या हौसेवरून ठरवू नये. आपण किती वजन किती वेळा बाहेर आणू शकतो, यावरून ठरवावे. व्यायामाची आखणीही याच टोकापासून सुरू करावी.

भारतात वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी हौशी शिकारीचा मार्ग बंद केला आहे, आणि ते योग्यच झाले. हे मार्गदर्शन अमेरिकेत राहून रीतसर परवाना काढणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. त्यांच्यापैकी अनेकांना सह्याद्रीतल्या भटकंतीचा अनुभव असतो. तो कामी येतो, पण त्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे आणि कोलोरॅडोची राजधानी असलेले डेन्व्हर शहरच मुळी सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. म्हणजे आपल्याकडे चढाई जिथे संपते, जवळजवळ तिथे तिकडचा सपाट रस्ता सुरू होतो. एल्कचा माग बहुधा २,५०० ते ३,५०० मीटरच्या पट्ट्यात काढावा लागतो, आणि ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच असतो.

कोलोरॅडोत धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरमध्ये असतो, तर रायफलचे टप्पे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये येतात. नेमक्या तारखा विभागानुसार आणि वर्षानुसार बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीच्या सरकारी पुस्तिकेत पाहाव्यात. तयारीला सोळा आठवडे हाती असावेत. धनुष्यबाणवाल्याने मे महिन्यात आणि रायफलवाल्याने जूनच्या मध्याला सुरुवात केली, तर घाई होत नाही. स्नायू दीड-दोन महिन्यांत जोम धरतात; स्नायुबंध आणि सांधे मात्र सावकाश तयार होतात. ऑगस्टच्या अखेरीस जागे होऊन एकदम वीस किलोची सॅक पाठीवर चढवणारा माणूस हंगामाला बहुधा लंगडतच पोहोचतो.

पहिल्या आठवड्यातले काम डॉक्टरांकडे आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेल्या, बैठे काम करणाऱ्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या, अथवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तीने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, आणि उंचावर ओझे घेऊन चढण्याचा बेत डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावा. ‘थोडे ट्रेकिंग करणार आहे’ एवढ्यावर भागवल्यास सल्लाही तेवढ्यापुरताच मिळतो.

पहिले चार आठवडे केवळ चालण्यासाठी ठेवावेत. आठवड्यातून चार दिवस पाऊण ते एक तास असे भरभर चालावे की पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. कितीजण या टप्प्याला कमी लेखतात आणि पहिल्याच दिवशी धाप लागेपर्यंत पळतात! शिकार ही दिवसभर मंद गतीने चालण्याची गोष्ट असल्यामुळे तासन्‌तास टिकणारा दम हाच तिचा पाया आहे, आणि तो अशा मध्यम वेगाच्या चालण्यातूनच तयार होतो. आठवड्यातून एकदा हे चालणे दोन तासांपर्यंत लांबवावे, आणि शक्य असेल तर डांबरी रस्त्याऐवजी पायवाट निवडावी; खडबडीत जमिनीवर घोट्यांना जी शिकवण मिळते, ती ट्रेडमिलवर मिळत नाही. जिथे डोंगर नाहीत तिथे बहुमजली इमारतीचे जिने किंवा मैदानाच्या पायऱ्या चालतात.

पाचव्या आठवड्यापासून पाठीवर वजन घ्यावे. शिकारीला जी सॅक न्यायची, तीच सरावाला वापरावी, कारण कमरेचा पट्टा कुठे काचतो आणि खांद्यावरची पट्टी कुठे घसरते, हे आधी कळलेले बरे. सुरुवात पाच-सहा किलोंनी करून दर आठवड्याला दीड-दोन किलो वाढवत न्यावे. दर चौथ्या आठवड्यात वजन एक पायरी खाली आणून शरीराला सावरू द्यावे. वजनासह चालणे आठवड्यातून दोनदा पुरते आणि त्या दोन दिवसांत निदान दोन दिवसांचे अंतर असावे. वजन पाठीवर असताना पळू नये. त्यातून मिळण्यासारखे थोडे आणि गुडघ्यांचे नुकसान मोठे. तेराव्या आठवड्यापर्यंत साधारण २० ते २२ किलो घेऊन तासभर चढ-उतार करता आला, तर तयारी चांगली झाली असे समजावे. २५ किलोचा सराव एक-दोनदाच आणि शक्यतो सपाट वाटेवर करावा.

वजनासाठी पाण्याचे कॅन वापरणे सर्वांत सोयीचे. वर पोहोचल्यावर पाणी ओतून द्यावे आणि मोकळ्या सॅकने उतरावे. सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघे वाचवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत थोडे पाणी मुद्दाम शिल्लक ठेवून उतरण्याचाही सराव करावा, कारण प्रत्यक्षात मांस घेऊन उतरावेच लागते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच वजन तोलत असतात. अशा कामाची सवय नसलेल्या मांड्या दुसऱ्या दिवशी इतक्या धरतात की जिना उतरणेही नकोसे होते. सह्याद्रीत उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा एखादा गड उतरलेल्या कोणालाही हे निराळे सांगायला नको. सवय हाच त्यावरचा उपाय असून ती हळूहळूच लागते. चालण्याच्या दोन काठ्या या वेळी फार उपयोगी पडतात आणि त्या वापरण्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

ताकदीच्या व्यायामासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. आपल्या तालमींतली बैठक हा या कामासाठी उत्तम व्यायाम आहे, पण तालमीतल्यासारख्या शेकडो बैठका काढण्यापेक्षा छातीशी दहा-बारा किलोचे वजन धरून सावकाश दहा-दहाच्या तीन आवृत्त्या कराव्यात. गुडघ्याच्या उंचीच्या भक्कम बाकावर एका पायाने चढणे आणि तीन अंक मोजत त्याच पायाने उतरणे, हा सर्वांत थेट उपयोगाचा प्रकार. त्याच्या जोडीला कमरेतून वाकून पाठ सरळ ठेवत जमिनीवरचे वजन उचलणे, दोन्ही हातांत जड बादल्या घेऊन चालणे आणि पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर टाचा वरखाली करणे, एवढे आठवड्यातून दोनदा केले तरी भागते. दात घासताना एका पायावर उभे राहण्याची सवय लावावी. घोट्याचा तोल त्यानेही सुधारतो. सूर्यनमस्कार अंग मोकळे करण्यासाठी जरूर घालावेत, परंतु ओझ्याच्या सरावाला ते पर्याय ठरत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

धनुष्य वापरणाऱ्याला आणखी एक बाजू सांभाळावी लागते. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी धनुष्याचा ताण, म्हणजे दोरी खेचायला लागणारे बळ, किमान ३५ पौंड असावा लागतो, आणि बरेच शिकारी त्याहून पुष्कळ अधिक ताण वापरतात. खांद्याचे लहान स्नायू या खेचण्याने लवकर दुखावतात, म्हणून रबरी पट्ट्यांनी खांदा मागे आणि बाहेर फिरवण्याचा व्यायाम रोज पाच मिनिटे करावा, आणि आठवड्यातून चार दिवस थोडे थोडे बाण सोडावेत. एकाच दिवशी शंभर बाण सोडण्याचा मोह टाळावा. थंडीत, जाड कपड्यांत, बसून आणि गुडघा टेकून खेचता येत नसेल, तर ताण जास्त आहे असे समजून तो उतरवावा.

धाप लागलेली असताना नेम धरणे हे वेगळेच कसब आहे. मोकळ्या मैदानावर शांतपणे साधलेला नेम डोंगरावर, छाती भात्यासारखी हलत असताना, साधेलच असे नाही. अधिकृत सराव मैदानावर परवानगी असेल, तर आधी दोन-तीन मिनिटे जागच्या जागी जोरात पायऱ्या चढून किंवा बैठका काढून मग नेमाच्या जागी यावे, शस्त्र तिथे आल्यावरच हाती घ्यावे, आणि श्वास सोडल्यानंतरच्या क्षणभराच्या विरामात नेम साधण्याचा प्रयत्न करावा. भरलेली बंदूक किंवा चढवलेला बाण घेऊन धावण्याचा प्रकार सरावातही कधी करू नये. या सरावातून आपल्याला थांबायला किती श्वास लागतात, हे नेमके कळते. ज्या अंतरावर दमलेल्या स्थितीत खात्री वाटत नाही, त्या अंतरावरून जनावरावर नेम धरू नये. जखमी एल्कचा माग काढत हिंडण्याएवढी पायपीट दुसरी नाही, आणि जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

बूट हंगामाच्या निदान सहा-आठ आठवडे आधी घ्यावेत आणि सरावाचे सगळे ओझे त्याच बुटांत वाहावे. मोजे लोकरीचे असावेत. टाच चुरचुरू लागताच थांबून तिथे चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर मग उपाय नसतो, केवळ सोसणे उरते.

उंचीबद्दल मात्र कोणत्याही व्यायामाची शाश्वती देता येत नाही. उत्तम तयारीच्या माणसालाही विरळ हवेचा त्रास होतो, आणि कित्येकदा आपल्या तयारीच्या भरवशावर तोच अधिक घाई करून बसतो. ह्यूस्टन, शिकागो किंवा न्यू जर्सीहून येणाऱ्याने हंगामाच्या दोन-तीन दिवस आधी पोहोचावे, पहिली रात्र अडीच हजार मीटरच्या आत काढावी आणि पहिले दोन दिवस केवळ हलकी भटकंती करावी. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावर नेऊ नये. भरपूर पाणी प्यावे आणि मद्य टाळावे. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे, झोप न लागणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर जाऊ नये. ती वाढत गेली तर खाली उतरावे. बसल्या जागी धाप लागणे, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही जीवघेण्या आजाराची चिन्हे असून अशा वेळी सकाळची वाट न पाहता सोबतीसह तत्काळ खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत मागवावी. प्रतिबंधासाठी अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध वापरतात, परंतु ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे त्यांना आधी सांगावे.

शेवटच्या दहा दिवसांत व्यायाम निम्म्यावर आणावा. या काळात नवी ताकद येत नाही, फक्त थकवा उतरतो. पहाटे चारला उठण्याची सवय मात्र याच दिवसांत लावून घ्यावी, कारण अंधारात निघून उजाडायच्या आत जागेवर बसणे हा शिकारीचा नित्यक्रम असतो. खाण्याचीही रंगीत तालीम करावी: चालताना दर तासाला दोनशेच्या आसपास कॅलरी पोटात जाव्यात. शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि दशम्या थंडीतही चांगल्या टिकतात, हात बाहेर काढून चटकन खाता येतात आणि माझ्या मते दुकानातल्या निम्म्या ऊर्जावड्यांपेक्षा सरस ठरतात.

निघण्याच्या तीन आठवडे आधी एक चाचणी घ्यावी. २० किलो वजन पाठीवर घेऊन ३ किलोमीटर जावे, ते उतरवून रिकाम्या सॅकने परत यावे, आणि पुन्हा तेवढेच वजन घेऊन तेच अंतर चालावे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखण्याविना जिना उतरता आला, तर नकाशावर गाडीच्या जागेभोवती ३ किलोमीटरचे वर्तुळ काढावे आणि त्याच्या आतच शिकार करावी. जमले नाही तर वर्तुळ लहान करावे किंवा सोबतीला आणखी एकजण घ्यावा. दोघांत चार खेपा वाटल्या गेल्या की प्रत्येकाच्या वाट्याला दोनच येतात आणि ३ किलोमीटरच्या अंतरावर प्रत्येकाची चाल २१ वरून ९ किलोमीटरवर उतरते.

प्रत्यक्ष खेपा सुरू होतील तेव्हा वजन सॅकमध्ये पाठीला चिकटून आणि थोडे वरच्या बाजूला बांधावे. तळाशी लोंबणारे मांस माणसाला मागे खेचते. उरलेले मांस कापडी पिशव्यांत घालून सावलीत, हवा खेळेल असे टांगून ठेवावे, कारण सप्टेंबरच्या दुपारी ते लवकर बिघडू शकते. अंगात जोम असताना पहिल्या खेपेला सर्वांत जड भाग न्यावा, गाडीपाशी पोहोचल्यावर बसून खावे-प्यावे, आणि सर्वांत हलका भाग शेवटच्या खेपेसाठी राखून ठेवावा.