ऑनर्स मॅथ्स घ्यायचं की साधं?

पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीला, मॅथ्समध्ये 95 पडले म्हणून डिग्रीला लगेच ऑनर्स, म्हणजे त्या एका विषयात खोल जाणारा कोर्स, घेऊ नको, तिथं गणितं सोडवण्यापेक्षा सिद्ध करणं जास्त असतंय. आधी √2 अपरिमेय का हे पुस्तक न बघता लिहून बघ की, मग लिमिटची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या घेऊन दोन तास बस, अडकलास तरी उठावंसं वाटलं नाही तर ऑनर्स तुझंच हाय. नाहीतर साधं घे, बीएड, बँक, एमसीए सगळं त्यावर होतंय, कमीपणा कसला त्यात.

आणि वर्षांचा हिशेब बघ हं, कर्नाटकानं 2024 ला डिग्री परत तीन वर्षांची केलीय, त्यामुळं चार वर्षांच्या ऑनर्सला बेळगावहून कोल्हापूर गाठायचं असलं तर खोलीभाडं, मेस घरात आधी बोलून घे. रिसर्चवाल्या ऑनर्सला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमानं पहिल्या सहा सेमिस्टरना 75 टक्के लागतात.